कामाला माणूस आणि माणसाला काम



शेतकरी बाजारात बैल घ्यायला जातो तेव्हा तो घाई करत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी लांबून जनावराची चाल पाहतो. मग जवळ जाऊन दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो. विकणारा धनी जे सांगतो त्यावर मान डोलावतो, पण विश्वास ठेवत नाही. शेवटी म्हणतो, "जरा गाडीला जुंपून दाखवा." आणि एवढे करूनही गावातला एखादा जाणता माणूस त्याने बरोबर नेलेला असतोच.

आता हाच शेतकरी पंच होऊन गावच्या संस्थेत बसतो, आणि संस्थेला एक नोकर नेमायचा असतो, तेव्हा काय होते पाहा. दारात एक पोरगा उभा राहतो. "कुणाचा रे तू?" "अमक्याचा." "बरं बरं. शिक्षण?" "दहावी." "उद्यापासून ये." संपली निवड! दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. माणूस म्हणजे बैल नव्हे, हे मी जाणतो. बैल आपण विकत घेतो. माणसाशी आपण करार करतो, आणि त्याचा मान आपल्याला ठेवावा लागतो. पण म्हणूनच तर माणूस निवडताना जास्त काळजी घ्यायला हवी. आपण घेतो कमी.

पूर्वी खेड्यात पगारी माणूस नेमण्याची वेळ फारशी येत नसे. बलुतेदार ठरलेले असत. पाटील, कुलकर्णी वतनाने आलेले असत. सालगडी पाडव्याला ठरायचा, आणि तोही माहितीतला असायचा. आज तसे राहिलेले नाही. गावात दूधसंस्था आहे, पतसंस्था आहे, विकास सोसायटी आहे. २००३ सालापासून शेतकऱ्यांना आपली स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची सोय कायद्याने झाली, आणि कंपनी हा शब्दही आता गावच्या पारावर आला. या सगळ्यांना चिटणीस लागतो, हिशेबनीस लागतो, मापाडी लागतो, राखणदार लागतो. हा माणूस निवडायचा कसा, याविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. आणि ते बोलायचा अधिकार मला एवढ्यासाठीच आहे की, या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच चुकलो होतो.

ही १९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा एका गावी शाळामास्तर होतो. गावात दूधसंस्था होती. संस्थेला दुधातली फॅट तपासणारा माणूस नेमायचा होता. आज बहुतेक ठिकाणी विजेवरची यंत्रे आली आहेत. दुधाचा थोडा नमुना घातला की आकडा दिसतो. त्या वेळी सगळे काम हाताने चालायचे. काचेची एक खुणा केलेली नळी असायची. तीत १० मिलिलिटर गंधकाचे तीव्र आम्ल घ्यायचे, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध हळूच सोडायचे, वर १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालायचे, बूच घट्ट लावायचे आणि नळी हलवायची. नळी हाताला चटका बसेल इतकी तापते. मग ती यंत्रात घालून गरगर फिरवायची. दुधातला स्निग्ध भाग वर येतो, तो खुणांवर वाचायचा. सकाळी पाच वाजता उठून, माणसांची रांग दारात असताना, एकामागून एक शंभर नमुने. आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

या आकड्यावर दुधाचा दर ठरतो. म्हणजे ज्याच्या हातात ती नळी, त्याच्या हातात घरोघरची मीठमिरची.

अर्ज दोघांचे आले होते. दोघेही माझेच विद्यार्थी. एक पहिल्या वर्गात मॅट्रिक झालेला. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे, बोलणे नम्र, शिवाय चेअरमनांच्या नात्यातला. दुसरा इंग्रजीत दोनदा नापास होऊन पिठाच्या गिरणीवर कामाला लागलेला. त्याच्या अंगावर पीठ, तोंडात शब्द नाही. चेअरमन मला म्हणाले, "गुरुजी, दोन्ही पोरं तुमच्या हाताखालून गेलीत. तुम्हीच सांगा." मी क्षणाचाही विचार न करता पहिल्याचे नाव सांगितले. मला वाटले, हुशार मुलाचे कल्याण झाले, संस्थेचेही झाले. चेअरमनांनाही बरे वाटले. सगळेच खूश!

पाच-सहा महिने गेले. एके दिवशी शाळा सुटल्यावर एक म्हातारी माझ्या दाराशी येऊन बसली. एकटी बाई, एक म्हैस, त्यावर तिचा संसार. म्हणाली, "गुरुजी, माज्या म्हशीला काय झालंय, तेवढं बगून सांगा."

मी म्हटले, "अहो मावशी, मी काय जनावरांचा डॉक्टर आहे?"

"डाक्टरला इचारलं. तो म्हनतो म्हस चांगली हाय. वैरन तीच, पेंड तीच, दूध तेवढंच. मग फॅट सातावरनं सहावर कशी आली? दूध पिळताना माज्या बोटास्नी कळतंय की वो, दूध दाटच हाय." असे म्हणून तिने पदराच्या गाठीतून संस्थेच्या चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

मी त्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. पहिले दोन महिने आकडे रोज थोडेथोडे बदललेले होते. सहा-नऊ, सात, सात-दोन, पुन्हा सहा-आठ. जनावराच्या दुधात असा फरक रोज पडतोच. नंतरच्या चिठ्ठ्यांवर मात्र सहा, सहा, सहा, सहा. महिनेच्या महिने सहा. दुसऱ्या दिवशी मी संस्थेत जाऊन वही पाहिली. निम्म्या गावाची म्हैस सहावर उभी होती! ज्याच्या दुधात पाणी असते हे सगळ्या गावाला ठाऊक, तोही सहावर. आणि मावशीही सहावर. पाणी घालणाऱ्याचा फायदा होत होता आणि दाट दुधाची बाई रोज नागवली जात होती. त्या काळी बाईमाणसाला दिवसभर खुरपून जी मजुरी मिळे, तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा रोज तिच्या पदरातून गळत होता. तोही कुणाच्या लक्षात न येता.

मी त्या मुलाला बाजूला घेतले. त्याने लपवाछपवी केली नाही. हात पुढे केला. मनगटावर आम्लाने भाजल्याचा डाग होता. म्हणाला, "गुरुजी, मला त्या नळीची भीती बसलीय. रात्री अभ्यास करतो, पहाटे डोळा उघडत नाही. रांग ओरडत असते. मग दहा नळ्या करतो आणि बाकीचं अंदाजानं लिहितो." पैसे त्याने कुणाकडून एक घेतला नव्हता. मुलगा चोर नव्हता, आळशीही नव्हता. ते काम त्याचे नव्हते, एवढेच. आणि त्या कामावर त्याला बसवणारा मी होतो. काम काय आहे हे मी त्याला विचारले नाही, दाखवले नाही. खरे सांगायचे तर ते काम काय आहे हे मलाच धड ठाऊक नव्हते. आम्ही कामाला माणूस शोधलाच नव्हता. एका चांगल्या मुलाला काम मिळवून दिले होते. या दोन गोष्टी दिसायला एक, पण असायला फार वेगळ्या, श्रोतेहो.

मग आम्ही पुन्हा माणूस नेमायचे ठरवले. या वेळी मी चेअरमनांच्या हातापाया पडून एक गोष्ट कबूल करून घेतली. गावात दवंडी दिली. तिघे आले. त्यांत तो गिरणीवरचा मुलगाही होता. तिघांना आठ दिवस पहाटे पाचला बोलावले आणि आठही दिवसांची मजुरी दिली. तालुक्याहून शीतकरण केंद्राचा एक जाणता माणूस आणून त्याच्याकडून काम शिकवले. आणि शेवटच्या दोन दिवशी आम्ही एक युक्ती केली. एकाच भांड्यातले दूध दोन बाटल्यांत भरले, दोन्हींवर वेगवेगळे नंबर टाकले आणि इतर नमुन्यांत मिसळून दिले. दूध एकच, म्हणजे आकडाही एकच यायला हवा. एका उमेदवाराच्या दोन आकड्यांत पाऊण टक्क्याचा फरक आला. दुसऱ्याचे बरे होते. गिरणीवरच्या मुलाचे आकडे जवळजवळ जुळलेले. पण मला पटली ती वेगळीच गोष्ट. एका नळीचे बूच ढिले राहून थोडे दूध बाहेर आले होते. आम्ही कुणी पाहिले नव्हते. त्याने ती नळी बाजूला ठेवली, दुसरी भरली, आणि आमच्याकडे येऊन म्हणाला, "ही एक वाया गेली. वहीत लिहू का?"

त्याला नेमले. पुढे वीस वर्षे त्याने ते काम केले. मावशीची म्हैस सातावर परत आली. तिचे बुडालेले पैसे सगळे भरून देता आले नाहीत, कारण किती बुडाले हे सांगणारा खरा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भरपाई झाली, इतकेच. पहिला मुलगा पुढे परीक्षा देऊन एका कचेरीत कारकून झाला आणि तिथे त्याने नाव काढले. त्याच्या मोत्यांसारख्या अक्षराला तिथे किंमत होती.

आता मला सांगा, ही चूक एकट्या माझीच का? मला वाटते, ती आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. वतनाची सवय! कुलकर्णी वतने १९५१ साली गेली, पाटीलकीची वतने १९६३ साली गेली. कागदावरून गेली, पण मनातून गेली का? 'त्याचा बाप इथे होता, मग मुलगा इथेच', 'आपल्या आळीचा आहे, आपल्या पार्टीचा आहे', 'गरीब आहे, लागू दे पोटाला' हे सगळे वतनाचेच बोलणे आहे. गरिबाला मदत जरूर करावी. पण ती आपल्या खिशातून करावी. मावशीच्या फॅटमधून करू नये.

हे दुखणे आपल्या थोर पुरुषांनी फार पूर्वी ओळखले होते. शिवछत्रपतींनी आपल्या कारभाऱ्यांना वंशपरंपरेने जहागिरी देण्याऐवजी रोख पगाराची पद्धत धरली. बापाची जागा मुलाला आपोआप मिळायची नाही, हा त्यामागचा हेतू. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी सारख्या दर्जाचे, आणि तिघांनी मिळून कारभार करायचा. एवढ्या पारखीने माणूस नेमल्यावरही महाराजांनी सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेला लावल्या नाहीत. आजच्या धनादेशावर दोन सह्या लागतात त्यातले शहाणपण हेच आहे.

आता जवळच्या काळातले एक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. मिरजेकडून पुण्याकडे जाताना तुम्ही ते स्टेशन पाहिले असेल. १९१० साली तिथे कुंडलचा ओसाड माळ होता. निवडुंग आणि सापकिरडू. स्टेशनाचे नावही तेव्हा कुंडल रोड. औंधच्या राजेसाहेबांनी ती जागा दिली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. अशा माळावर शिकलेसवरलेले इंजिनियर कुठून येणार? लक्ष्मणरावांनी मग माणसांची पदवी न पाहता हात पाहिला. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. त्यांच्या डोक्यात यंत्राच्या कल्पना भराभर येतात हे पाहून त्यांना यंत्रांच्या कामाला लावले. शंभोराव जांभेकर अडलेले यंत्र सोडवण्यात तरबेज, त्यांच्याकडे कारखाना. मंगेशराव रेगे हिशेबाला आणि पत्रव्यवहाराला पक्के; त्यांच्याकडे कचेरी. थोरले भाऊ रामूअण्णा यांच्याकडे वसाहतीची व्यवस्था. भाऊ आहे म्हणून त्याला हिशेबाला बसवले नाही, बरं का; जे त्याला येत होते ते दिले.

आणि रात्रीच्या राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. एके काळी ज्यांच्या नावाने भोवतालचा मुलूख भ्यायचा, जे शिक्षा भोगून आले होते, असे हे दोघे. लोकांनी काय म्हटले असेल, याची कल्पना करा! इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली गेला. त्या दिवसांत लक्ष्मणरावांनी जात पाहिली नाही आणि मागचा डागही कायमचा मानला नाही. चोराच्या वाटा ज्याला ठाऊक, त्याच्याइतका चांगला राखणदार कोण? पण नुसता हा हिशेब असता तर ते साधले नसते. त्यांच्यावर विश्वास टाकला गेला, आणि त्यांनी तो राखला.

लक्ष्मणरावांना ही दृष्टी कुठून आली असेल? मला वाटते, स्वतःच्या अनुभवातून. तरुणपणी ते मुंबईच्या एका तंत्रशाळेत शिकवत होते. बढतीची जागा आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. ते नोकरी सोडून बेळगावला आले. ज्याला स्वतःला जातीवरून डावलले गेले, त्याने दुसऱ्याला निवडताना जात बाजूला ठेवली. सगळ्यांनाच हे जमत नाही. पुष्कळांना आपल्याला लागलेली ठेच दुसऱ्याच्या पायाला देण्यातच समाधान वाटते.

त्या लोखंडी नांगराच्या विक्रीसाठी खेडोपाडी फिरणाऱ्यांत एक गृहस्थ होते. नाव भाऊराव पाटील. खेड्यातल्या कुटुंबांचे अज्ञान त्यांनी या फिरतीत जवळून पाहिले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ते कर्मवीर झाले. विक्रेता म्हणून नेमलेला माणूस शेतकऱ्याच्या भाषेत बोलणारा होता, शेतकऱ्याच्या घरी जेवणारा होता. म्हणून त्याला ते सगळे दिसले.

दूधसंस्थेवरून बोलणे सुरू केले, तेव्हा आणंदची गोष्ट सांगितल्याशिवाय कसे चालेल? गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली आपला सहकारी दूधसंघ काढला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. १९४९ साली वर्गीस कुरियन नावाचा एक तरुण इंजिनियर सरकारी नोकरीवर आणंदच्या लोणीघरात आला. हा केरळचा, ख्रिस्ती, अमेरिकेत शिकलेला. गावात त्याला राहायला घर मिळेना. गॅरेजमध्ये बिऱ्हाड केले. आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला दूध आवडत नसे! आपल्या पंचांपुढे असा उमेदवार आला असता तर? "दूध पीत नाही? मग दूधसंघात कशाला?" असे म्हणून परत पाठवला असता.

त्रिभुवनदासांनी तसे केले नाही. संघाची जुनी यंत्रे वारंवार बंद पडत, तेव्हा ते या तरुणाकडे जात. आणि तो आपले काम नसताना येऊन हात काळे करून यंत्र चालू करून देई. म्हणजे त्रिभुवनदासांनी त्याला मुलाखतीत पाहिले नाही. अडचणीच्या वेळी कामावर पाहिले. सरकारी नोकरी सोडून तो जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून घेतले आणि १९५० साली संघाचा कारभार त्याच्या हाती दिला. पुढे कुरियन यांनीही तसाच माणूस निवडला. आपले मित्र एच. एम. दलाया यांना बोलावले. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना दलायांनी ती करून दाखवली, आणि १९५५ साली आणंदला तिचा कारखाना उघडला. तोच आजचा अमूल. त्रिभुवनदास आणखी एक गोष्ट जाणत होते. माणूस निवडल्यावर त्याच्या कामात रोज हात घालायचा नाही. शेतकऱ्यांना सांभाळायचे काम अध्यक्षाचे, यंत्रे आणि बाजार सांभाळायचे काम व्यवस्थापकाचे. आपल्याकडे कित्येकदा चांगला माणूस मिळतो, पण पंच त्याच्या खुर्चीच्या हातावर बसून राहतात, आणि वर्षभरात तो निघून जातो.

आता थोडे करण्याजोगे सांगतो. शिक्षकांनी वाटल्यास टिपून घ्यावे आणि गावच्या पंचांना वाचून दाखवावे.

पहिले असे की, माणूस पाहण्याआधी काम कागदावर लिहून काढा. सकाळी उठल्यापासून त्याला काय काय करावे लागेल, कुठे चूक झाली तर कुणाचे नुकसान होईल, आणि कोणत्या तीन गुणांवाचून चालणारच नाही. तीनच लिहा. दहा लिहिलेत तर असा माणूस जन्माला आलेला नसतो.

दुसरे, गावभर कळू द्या. दवंडी द्या, फळ्यावर लिहा, शेजारच्या गावीही कळवा. आणि बायकांनाही अर्ज करायला सांगा. ज्या घरात बाई दुधाचा आणि बचत गटाचा हिशेब चोख ठेवते, त्याच घरातल्या पुरुषाला संस्थेचा हिशेब ठेवायला बोलावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरे, प्रश्न आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच विचारा. एकाला वडिलांची खुशाली आणि दुसऱ्याला हिशेबाची गणिते, असे नको. प्रश्नही कामाचे हवेत. 'तू प्रामाणिक आहेस का?' याला नाही म्हणणारा अजून कुणी भेटलेला नाही. त्यापेक्षा असे विचारा: 'महिन्याच्या हिशेबात पंधरा रुपये जास्त भरले. काय करशील?' 'चेअरमनांचा भाऊ पावतीशिवाय उचल मागायला आला. काय सांगशील?' उत्तरे तिथल्या तिथे प्रत्येक पंचाने वेगवेगळी लिहावीत, आणि मग बोलावे. नाही तर मोठा पंच आधी बोलतो आणि बाकीचे मान हलवतात.

चौथे, काम करून दाखवायला सांगा. आणि ते दिवस फुकट घेऊ नका. नोकरी शोधणाऱ्याची मजुरी बुडवून त्याची पारख करणे वाईट. या विषयाचा अभ्यास करणारे लोकही हेच सांगतात की, नुसत्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा ठरवून सर्वांना विचारलेले प्रश्न आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना जास्त भरवशाचा ठरतो. हसतमुख, बोलका माणूस गप्पांत बाजी मारतो. आणि अबोल माणूस मागे राहतो. पण कुठल्या कामाला गप्पा लागतात आणि कुठल्या कामाला गप्प बसणे लागते, हे काम पाहिल्यावरच कळते.

पाचवे, सहा महिने उमेदवारी ठेवा. त्या काळात त्याला शिकवा, चुका दाखवा. आणि ज्यांना घेतले नाही त्यांनाही निरोप पाठवा की बाबांनो, या खेपेला जमले नाही. वाट पाहायला लावून गप्प राहणे हा त्यांचा अपमान आहे. ते गावातच राहणार आहेत, आणि पुढची जागा निघाली तर तेच येणार आहेत.

आता दोन शब्द माझ्या शिक्षक बंधुभगिनींना. आपण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहितो, 'प्रगती: समाधानकारक, वर्तणूक: चांगली.' सगळ्यांच्या दाखल्यावर तेच! मावशीची म्हैस जशी रोज सहावर, तशी आपली सगळी मुले 'चांगली'वर. मग आपण आणि अंदाजाने आकडे लिहिणारा तो मुलगा यांत फरक काय राहिला?

त्या गिरणीवरच्या मुलाच्या दाखल्यावर मी 'प्रगती साधारण' असे लिहिले होते. तो नेमला गेल्यावर एका रात्री मला आठवले. शाळेच्या अंगणात आम्ही पाऊस मोजायला एक नळकांडे ठेवले होते. हा मुलगा दोन पावसाळे रोज सकाळी येऊन त्याची नोंद करायचा. रविवारी यायचा, नागपंचमीला यायचा. एकदा नळकांडे कुणाच्या तरी धक्क्याने कलंडले, तर त्या दिवसाच्या खान्यात त्याने आकडा न भरता लिहून ठेवले होते, 'आज सांडले.' ती वही मी पाहिली होती, शाबासकीही दिली होती. पण चेअरमनांनी विचारले तेव्हा मला त्याचे इंग्रजीचे गुण आठवले. पावसाची वही आठवली नाही. ती आठवली असती तर मावशीला माझ्या दाराशी यावे लागले नसते.

तेव्हा गुरुजी हो, बाई हो, मुलांच्या गुणांच्या शेजारी एखादी ओळ आपण पाहिलेल्या गोष्टीची लिहून ठेवत चला. कोण फळा न सांगता पुसते, कोणाच्या हाती किल्ली दिली तर ती परत येते, कोण भांडणारी दोन मुले शांत करते, कोणाला सायकल उघडून पुन्हा जोडता येते. उद्या एखाद्या संस्थेचा पंच तुमच्याकडे येईल आणि विचारील, "मुलगा कसा आहे?" 'चांगला आहे' म्हणून त्याला वाटेला लावू नका. वही काढून जे पाहिले ते सांगा. जे पाहिले नसेल ते पाहिलेले नाही, असे सांगा.

आणि पंच मंडळी, तुम्ही शिक्षकाकडे जाल तेव्हा किती गुण मिळाले हे विचारण्याआधी, तुमच्या संस्थेत काम काय आहे ते त्याला समजावून सांगा. मला कुणी ते सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.